ट्रेलरवर नेता येईल अशी ७.३ मीटरची रेसर-क्रूझर: आराखडा तपासून हवा

खारा_वारा:
नमस्कार मंडळी. गाडीमागे ट्रेलरवर नेता येईल, शर्यतीत मागे पडणार नाही आणि दोघांना तीन-चार रात्री मुक्काम करता येईल, अशा शिडाच्या बोटीचा आराखडा करतो आहे. आत्तापर्यंतचे आकडे असे:

एकूण लांबी ७.३ मी., पाणरेषेवरची लांबी ६.६ मी., रुंदी २.५ मी., पाणरेषेवर रुंदी १.९५ मी. कील (बोटीखालचं वजनदार पातं) खाली असताना ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, १.५५ मी., वर घेतल्यावर ०.४५ मी. वर-खाली सरकणारी कील, तळाशी ३०० किलोचा शिशाचा बल्ब. मेन (मुख्य शीड) २२ आणि जिब (पुढचं शीड) १४, म्हणजे वाऱ्यावर चढताना ३६ चौ.मी. शीड. हल, म्हणजे बोटीचं धड, फोम सँडविचचं (दोन पातळ थरांमध्ये फोम). रिकाम्या बोटीचं वजन ९०० किलो धरलं आहे. केबिनमध्ये उभं राहता यावं म्हणून आतली उंची १.७५ मी. ठेवली आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वजन पटण्यासारखं आहे का? सरकती कील ठेवावी की पिनवर मागे वळणारी? आणि मास्ट (डोलकाठी) दोघांनी, क्रेनशिवाय, उभी करता येईल का?

वजनकाटा:
आधी वजन, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ९०० किलोत ही बोट होणार नाही. ९०० मधून बल्बचे ३००, फिनचे (कीलच्या पात्याचे) १०० आणि मास्ट, बूम (मेनखालचा आडवा दांडा) व तारांचे ६० वजा केले की उरतात ४४०. सात मीटरच्या या आकाराला हल आणि डेक मिळून साधारण ४० चौ.मी. पृष्ठभाग येतो. चौरस मीटरला ७.५ किलो धरले, तर ३०० किलो नुसत्या सालीचे. कीलभोवतीचं भरीव लॅमिनेट (काच-रेझिनचे थर) आणि आडव्या फ्रेम यांचे आणखी ८०. म्हणजे ४४० पैकी ३८० तिथेच गेले. बल्कहेड (आतल्या आडव्या भिंती), बाकं आणि गाद्या ११०, विंच (दोर ओढायची चरखी), हॅच (डेकवरची झाकणं), खिडक्या आणि डेकवरचं बाकी सामान ९५, सुकाणू २५, बॅटरी आणि वायरिंग ३५, नांगर-साखळी २५, पुटी-रंग-गोंद ५०. ही बेरीज ७२० होते, ४४० नाही. एकूण ११८० किलो. पुटी आणि रंग लोक हिशोबात धरतच नाहीत, आणि वजन नेमकं तिथून फुगतं.

ताळा म्हणून मेल्जेस २४ ही शर्यतीची बोट बघा: ७.५ मी. लांब, २.५ मी. रुंद, वजन सुमारे ८०० किलो. पण तिच्या आत मुक्कामाची सोय जवळपास नाहीच. उलट टोकाला १९७७ ची जे/२४: वजन १४०० किलोच्या आसपास, केबिन बऱ्यापैकी, पण रुंदी २.७१ मी. तुमची बोट या दोघींच्या मधली आहे आणि वजनानेही मधेच बसायला हवी. म्हणून ११८० धरा आणि १० टक्के वाढ होईल असं गृहीत धरून रेषा आखा.

चार जण प्रत्येकी ८० किलोचे धरले तर शर्यतीत १५०० किलो. त्यावर शिडाचं क्षेत्रफळ भागिले विस्थापित आकारमानाचा २/३ घात हे गुणोत्तर काढलं तर २८ येतं. हा आकडा चपळ बोटीचा आहे. शीड वाढवू नका. वजन-लांबीचं जुनं इंग्रजी मापातलं गुणोत्तर १४५ येतं, तेही हलक्या बोटीत मोडतं. पाणरेषेच्या लांबीवरून येणारा विस्थापनी वेग २.४३ गुणिले ६.६ चं वर्गमूळ, म्हणजे सव्वासहा नॉट. वारा मागून असताना असिमेट्रिक शीड (पुढे लावायचं मोठं फुगीर शीड) लावून ही बोट त्याच्या पुढे जाईल, पण मागचा तळ सपाट आणि ट्रान्समची (बोटीच्या मागच्या भिंतीची) खालची कड पाण्याबाहेर असेल तरच. पाणरेषेचं क्षेत्रफळ अंदाजे पावणेनऊ चौ.मी. आहे, म्हणजे दर ९० किलोला बोट एक सेंटिमीटर बसते. मुक्कामाचं २५० किलो सामान मागच्या बाकाखाली कोंबलं तर ट्रान्सम पाण्यात जाईल आणि हलक्या वाऱ्यात बोट पाणी ओढत चालेल. पाण्याची टाकी, बॅटरी आणि नांगराची साखळी कीलच्या पेटीजवळ, तळाशी ठेवा.

आता स्थैर्य. पाणरेषेपासून उंची मोजून गुरुत्वमध्य काढू. हल आणि सामान ७२० किलो, ०.२५ मी. वर, मास्ट वगैरे ६० किलो, ५ मी. वर, बल्ब ३०० किलो, १.४५ मी. खाली, फिन १०० किलो, ०.४ मी. खाली. बेरीज-वजाबाकी जवळपास शून्यावर येते, म्हणजे कील खाली असताना गुरुत्वमध्य पाणरेषेवरच आहे. छान. कील १.१ मी. वर घेतली की ४०० किलो १.१ मीटरने उचलले जातात आणि सगळ्या बोटीचा गुरुत्वमध्य ३७ सें.मी. वर चढतो. इथे फसगत होते. पाणरेषेवर १.९५ मी. रुंदी असल्यामुळे कील वर असतानाही धक्क्याला बोट घट्ट वाटते, काठावर माणूस उभा राहिला तरी फारशी कलत नाही. पण हे स्थैर्य रुंदीचं आहे आणि ते लहान कोनापुरतंच टिकतं. मोठ्या कोनात बोटीला परत उभी करतो तो खोलवरचा बल्ब, आणि तोच वर आलेला असतो. म्हणून कील वर असताना शीड चढवायचं नाही, हा नियम केबिनच्या दाराशी लिहून लावा. आयएसओ १२२१७-२ या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्थैर्य मोजाल तेव्हा कील वर आणि कील खाली असे दोन्ही तक्ते काढा.

१.७५ मी. उंची सोडून द्या. त्यासाठी डेक आणि छत दोन्ही वर जातात. वजन वाढतं, तेही उंचावर, आणि वाऱ्याला आडवी भिंत मिळते. टेकून नीट बसता येईल एवढी, १.३५ ते १.४ मी. पुरते. उभं राहायला दाराचं सरकतं झाकण मोठं करा आणि मुक्कामाला त्यावर कापडी टप टाका.

काच_आणि_रेझिन:
वजनकाटा यांच्या हिशोबाला धरून कीलबद्दल.

पिनवर वळणारी कील मोहात पाडते, कारण पेटी जमिनीखाली लपते आणि केबिन मोकळी मिळते. पण तिच्यात बहुतेक वजन हलच्या तळाशी किंवा आखूड बुंध्यात राहतं. त्याचा मध्य पाणरेषेखाली अर्ध्या मीटरवर धरला तर तुमच्या बल्बइतका, म्हणजे ३०० गुणिले १.४५ = ४३५ किलो-मीटरचा (वजन गुणिले अंतर) परिणाम मिळवायला ८७० किलो लागतात. शर्यतीचा विषय तिथेच संपतो, ट्रेलरचाही. शिवाय तळाला लांब फट राहते आणि तिच्यात पाणी घुसळत राहतं. या बोटीला सरकतीच कील हवी. पेटी केबिनच्या मध्ये येते ती येऊ द्या. दोन्ही बाजूंना घडीच्या फळ्या लावल्या की तेच जेवणाचं टेबल.

फिनची रुंदी वरपासून खालपर्यंत एकसारखी ठेवावी लागेल, नाहीतर ती पेटीतून सरकणार नाही. ०.५५ मी. रुंदी, १२ टक्के जाडीचा नाका (NACA) ६३ या प्रमाणित पंखाकृती मालिकेतला छेद, म्हणजे जाडी ६६ मि.मी. हलखाली १.२ मी. उघडी राहिली तर क्षेत्रफळ ०.६६ चौ.मी., शिडाच्या दोन टक्क्यांच्या थोडं खाली. एवढी लहान फिन वेग असेपर्यंत उत्तम पकड देते. बोट थांबली की मात्र आडवी वाहते. टॅक केल्यावर (वाऱ्यातून वळून बाजू बदलल्यावर) आधी वेग घ्यायचा आणि मग वाऱ्यावर चढायचं.

एवढी फिन भरीव पोलादाची केली तर ती ४०० किलोच्या आसपास जाईल, तेही चुकीच्या उंचीवर. आतला कणा पोलादी आणि बाहेरचा आकार फोम व काचेचा, अशी १०० किलोत बसते. बल्बसाठी २ ते ४ टक्के अँटिमनी मिसळलेलं शिसं घ्या. शुद्ध शिसं मऊ असतं, दगडाला लागलं की चेपतं. ३०० किलोचं आकारमान सुमारे २७ लिटर. लांबी १.४ मी. आणि जाड भागाचा व्यास २० सें.मी. ठेवलात की बसतं. बिडाचा केला तर तेवढ्याच वजनाला ४२ लिटर लागतील.

आता पेटी. या जातीच्या बोटीत सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. बोट ९० अंशांत आडवी पडली तर फिनच्या मुळाशी सुमारे ३९० किलो-मीटर एवढा वाकवणारा जोर येतो. खालचा टेका हलच्या तळाशी आणि वरचा छताशी, दोघांत ०.९५ मी. अंतर, मग वरच्या टेक्यावर ४०० किलोंहून थोडा जास्त आणि खालच्यावर साडेसातशेच्या वर भार. हा झाला स्थिर भार. आयएसओ १२२१५-९ या कीलच्या मजबुतीच्या मानकातले सुरक्षा गुणक यावर लावायचे आहेत. याचा अर्थ पेटीचं वरचं टोक छताला आणि छत बाजूच्या बल्कहेडला पक्कं बांधलेलं हवं. पेटी नुसती जमिनीवर उभी राहिली तर तिच्या मुळाशी लॅमिनेट दर लाटेला थोडं थोडं वाकतं, आधी जेलकोटला (बाहेरच्या चकचकीत थराला) केसासारख्या चिरा दिसतात आणि मग पाणी झिरपतं.

जमिनीला कील आपटली तर जोर वेगळ्या दिशेने येतो. फिनचं खालचं टोक मागे ढकललं जातं, त्यामुळे तळाशी फिनची मागची कड फटीच्या मागच्या टोकावर आदळते आणि वर तिची पुढची कड पेटीच्या पुढच्या भिंतीवर. दोन्ही ठिकाणी भरीव लॅमिनेट आणि आत कडक रबराचे ठोकळे हवेत. फटीच्या लगेच मागे एक पूर्ण आडवी फ्रेम द्या.

मोकळीक हा दुसरा रोग. वर-खाली दोन्ही टेक्यांना दोन-दोन मि.मी. ढिलाई राहिली तर बल्ब एकूण ७ मि.मी. हलतो, आणि नांगरावर असताना रात्रभर ठकठक चालते. त्यानेच टेके झिजतात. यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनच्या (सहज न झिजणाऱ्या प्लास्टिकच्या) पट्ट्या बसवा, एका बाजूच्या पट्ट्यांमागे बाहेरून आवळता येतील असे स्क्रू ठेवा. कील खाली गेली की पेटी आणि फिन यांतून दोन एम१६ (१६ मि.मी. व्यासाचे) बोल्ट आरपार. हे बोल्ट नसतील तर बोट उलटल्यावर कील स्वतःच्याच वजनाने पेटीत परत घसरेल, नेमकी हवी तेव्हा.

उचलायला ब्रेकची हातविंच आणि पेटीवर काढता येणारी घोडी. वर घेतल्यावर भार दोरावर ठेवायचा नाही. फिनमधून आडवी पिन घाला. फिन छताच्या वर एक मीटरहून जास्त येते, त्यामुळे बूम आधी बाजूला घ्यावी लागेल. ही अडचण मला आवडते, कारण कील वर आणि शीड चढवलेलं असं होऊच शकत नाही.

कोअरमध्ये (सँडविचमधल्या फोममध्ये) ड्रिल करताना एक पथ्य पाळा. बोल्टच्या भोकापेक्षा मोठं भोक पाडून फोम खरवडून काढा, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, ते सुकल्यावर त्यातून बोल्टचं भोक. कंटाळून हे टाळलं की पाणी फोमच्या कडेने पसरतं आणि पुढे डेक पायाखाली मऊ लागतं.

तणावा:
मास्टबद्दल. दोघांनी उभी होईल, पण ती सोय आराखड्यातच करायला हवी. नंतर जोडून होत नाही.

३६ चौ.मी. शिडाला मास्ट ९.८ मी. येईल. अॅल्युमिनियमची, तारांसकट ४० किलो, मध्य बुडापासून ४.५ मीटरवर. आडवी असताना १८० किलो-मीटर पेलावे लागतात. बुडाशी बिजागरी आणि पुढच्या बाजूला २ मीटरचा उभा खांब, त्याच्या टोकापासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) चार पदरी पुली. दोर तिरका ओढत असल्यामुळे सुरुवातीला सुमारे १२० किलोचा ताण येतो. चार पदरांत ३०, घर्षण धरून ४०. कॉकपिटच्या विंचवर हे एका माणसाचं काम आहे, दुसरा मास्टला आणि तारांना हात लावायला मोकळा राहतो.

खरी अडचण आडवं डुलणं. तुमच्या मेनचं टोक चौकोनी असणार, त्यामुळे मागची तार नसणार आणि बाजूच्या तारा २० ते २५ अंश मागे झुकलेल्या असतील. म्हणजे त्यांच्या चेनप्लेट (डेकवर तारा बांधायच्या पट्ट्या) बिजागरीच्या मागे. मास्ट मागे आडवी असताना या तारा सैल असतात आणि अगदी शेवटी ताणतात. मधल्या सगळ्या वेळात मास्टला बाजूने कसलाच आधार नाही, आणि शेजारून एखादी बोट लाटा उठवत गेली की ती बिजागरी पिळते. उपाय: दोन तात्पुरते तणावे, मास्टवर बुडापासून साधारण अडीच मीटरवर बांधलेले, आणि त्यांचे खालचे डोळे डेकच्या कडेला बिजागरीच्या पिनच्या बरोबर रेषेत. पुढे-मागेही आणि उंचीलाही. उंची जुळत नसेल तर आखूड तारेचे पट्टे वापरून डोळे पिनच्या पातळीला आणा. रेषा चुकली तर तणावा मध्येच सैल पडेल किंवा एवढा ताणला जाईल की मास्ट पुढे येणारच नाही. उभ्या खांबालाही तसेच दोन बाजूंचे तणावे हवेत, नाहीतर तो भार आल्यावर आडवा कोसळतो.

उभी करायच्या आधी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत हे पाहा. उतारावर उभी करून पाण्याकडे जाताना मधल्या वाटेतही पाहा. मास्ट विजेची उत्तम वाहक आहे, कार्बनचीसुद्धा.

शिडाचा मध्य कीलच्या मध्याच्या पुढे किती, हे तुम्ही दिलेलं नाही. फ्रॅक्शनल रिगला (पुढची तार मास्टच्या टोकाखाली बांधलेली रचना) पाणरेषेच्या लांबीच्या ३ ते ७ टक्के, म्हणजे तुमच्याकडे २० ते ४६ सें.मी. कीलची पेटी एकदा बसली की हलत नाही, म्हणून मास्टचं बूड १० सें.मी. पुढे-मागे करता येईल असा रूळ ठेवा.

खारा_वारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. ११८० किलो आणि १.४ मी. उंची स्वीकारली, सरकती कील पक्की. अजून दोन शंका. मुक्कामाला दोघंच असतील तेव्हा ३६ चौ.मी. जड जाईल का? आणि सुकाणू एक की दोन?

वजनकाटा:
जड जाईल, पण वाटतं तेवढं नाही. २० अंश कलल्यावर बोट स्वतः अंदाजे ४७० किलो-मीटरने विरोध करते. काठावर बसलेले चौघं आणखी ३५० घालतात, दोघं निम्मे. शिडावरचा जोर आणि पाण्याखालचा प्रतिकार यांत ५ मी. अंतर धरलं, तर चौघांसह १५ नॉट भासमान (चालत्या बोटीवर जाणवणाऱ्या) वाऱ्यापर्यंत पूर्ण शीड पेलतं, दोघांसह साडेतेरापर्यंत. खऱ्या वाऱ्यात हा फरक दीड-दोन नॉटचा. म्हणून दोघांसाठी पहिला रीफ (शीड आखूड करायची घडी) मोठा घ्या, मेन २२ वरून १६ वर येईल एवढा, आणि रीफचा दोर कॉकपिटमधून ओढता येईल असा आणा. चौकोनी टोक रीफनंतरही वरच राहतं, त्यामुळे दुसरा रीफही शिवून घ्या.

उतारावरून:
सुकाणू एकच, ट्रान्समवर, खोक्यातून वर उचलता येणारं. दोन सुकाणू मागे खूप रुंद बोटीला लागतात. तिथे कलल्यावर मधलं पातं पाण्याबाहेर येतं, हवा ओढतं आणि बोट वाऱ्याकडे पळते. तुमची पाणरेषेवरची रुंदी बेताची आहे, एक खोल पातं पुरेल. उथळ पाण्यात वर उडणारं पातं घेतलंत तर खाली असताना पिनने पक्कं करा. ते जरा जरी मागे झुकलं तरी टिलर (सुकाणूचा दांडा) हाताला एकदम जड होतो आणि लोक उगाच शिडाला दोष देतात.

ट्रेलरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बोट ११८०, शिडं-मोटर-सामान धरून १३००, ट्रेलर ४५०. म्हणजे १७५० किलो, ब्रेक असलेला ट्रेलरच लागेल. गाडीची ओढण्याची मर्यादा २००० तरी असू द्या. रस्त्यावरची रुंदीची मर्यादा युरोपीय संघात २.५५ मी. आहे, अमेरिकेत महामार्गांवर २.५९. तुमचे २.५ हे बाहेरची रबरी पट्टी धरून आहेत का, हे आधी मोजा.

बल्ब ट्रेलरच्या मधल्या ठोकळ्यावर टेकला पाहिजे. तो पेटीच्या पिनवर लटकत राहिला तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ४०० किलोचा हातोडा होऊन पेटीवर बसतो. लांब फळ्यांचे टेके बल्कहेडखाली येतील असे लावा, दोन बल्कहेडच्या मधल्या सालीवर नाही. हुकवरचा भार एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवतो. तो जमवायला ॲक्सल सरकवता येईल अशा बोल्टवर ठेवा आणि सामान भरून झाल्यावरच पक्का करा. मास्ट बोटीपेक्षा अडीच मीटर लांब आहे, तेव्हा ती पुढे-मागे वाटून बांधा, सगळी मागे लोंबू देऊ नका.

उतारावर पोचल्यावर लगेच पाण्यात घालू नका. चाकांचे हब तापलेले असतात, थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. तेवढ्या वेळात मास्ट उभी करून घ्या.

काच_आणि_रेझिन:
एक राहिलं होतं. बोटीत पाणी भरलं तरी ती तरंगायला हवी असेल, तर बल्ब, फिन, लॅमिनेट, मोटर मिळून पाण्यातलं वजन ६०० किलोच्या आसपास जातं. थोडी शिल्लक धरून ७५० ते ८०० लिटर बंद फोमची जागा राखावी लागेल. ती बाकांच्या मागे, डेकच्या कडेखाली, उंचावर आणि दोन्ही बाजूंना विभागून द्या. तळाशी भरलेला फोम पाणी भरलेल्या बोटीला उलटं करायला मदत करतो. कपाटांची जागा आखण्याआधी हे ८०० लिटर कागदावर मांडून घ्या, नंतर सापडणार नाहीत.